नायकाच्या पोटऱ्या

हरिसिंग नायकाच्या लघवीचा रंग आज काय निघाला, हे रोज सकाळी साऱ्या बंजारा तांड्याला कळायचं, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं कोणाच्या मनातही येत नसे.

नायकाची बायको रामीबाई चुलीपाशी बसायची. काचेच्या नळीत यवतमाळच्या डॉक्टरांनी दिलेलं निळं पाणी ओतायची, त्यात नायकाच्या लघवीचे थेंब सोडायची आणि नळी चिमट्यात धरून निखाऱ्यावर उकळायची. निळं ते निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्ती. आणि पक्क्या विटेसारखं लाल झालं तर समजायचं, की पोटात गेलेली भाकर साखर होऊन तशीच बाहेर वाहून चालली, अंगाला काही लागत नाही. नायकाची नळी रोज लाल व्हायची.

"काय निंगालं आज, नायकण?" पाण्याला जाणारी एखादी बाई विचारायची.

"वीट."

"अवो माय! येवढ्या इटीत तं नायकाचं पक्कं घर झालं असतं."

रामीबाई हसायची, पण ते हसू वरवरचं. कारण नायकाचे डोळे त्या नळीवर टांगलेले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक तर गेल्यातच जमा, दुसऱ्यानं उजेड आणि सावली तेवढी कळायची. डोळ्यांच्या डॉक्टरनं साफ सांगून टाकलं होतं, "आधी साखर उतरवा. त्याशिवाय मी डोळ्याला पातं लावणार नाही. जखम चिघळली तर असलेला उजेडही जाईल."

आणि आंधळा नायक म्हणजे काय हो? हरिसिंग तांड्यातले तंटे सोडवायचा तो बोलणं ऐकून नाही, तोंड बघून. "बोलाले काय, पोपटबी बोलते," तो म्हणायचा, "तोंड पाह्यलं पाह्यजे." आता तोंडच दिसेना, तर न्याय कसा करायचा? होळीपर्यंत डोळे आले नाहीत तर डोक्यावरची पगडी उतरवून दुसऱ्याच्या हवाली करीन, असं त्यानं बोलून दाखवलं होतं. त्या दिवसापासून रामीबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. थंडीचे दिवस. रामीबाईनं नवऱ्याला घाटंजीवरून मोटारीत घातलं आणि यवतमाळला नरहर डॉक्टरांच्या दवाखान्यात नेऊन उभं केलं. ती भांडायलाच निघाली होती.

"डाक्तरसाहेब, रोज सुई टोचते मी. हातानं. दर खेपेला तुमी म्हणता वाढवा, मी वाढवते. बाटली माठाजवळ ओल्या रेतीत ठेवते, सुई उकळते, सारं करते. नायकाच्या पोटाची चाळण झाली पार. अन् नळी लालच्या लाल! मंग हे औषध जाते तरी कुठं?"

नरहर डॉक्टर म्हणजे वकिलाच्या घरातला, लांबलचक बोलणारा माणूस. समजावून सांगायला लागला की बाहेर बाकावर किती लोक ताटकळलेत हे विसरायचा. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, हरिसिंगाचं धोतर जरा वर सारलं आणि त्याची पोटरी मुठीत धरली.

"इथं जातं," ते म्हणाले. "म्हणजे इथं जायला पाहिजे. ऐका रामीबाई. भाकर खाल्ली की तिची साखर होते आणि रक्तात उतरते. रक्त ती अंगभर घेऊन फिरतं. आता अंगात तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण? मांस. हे दंड, ह्या मांड्या, ह्या पोटऱ्या. पण मांसाच्या कणाकणाला दार आहे. ते साखरेला आपलं आपण उघडता येत नाही. इन्सुलिन येऊन हाक मारतं, तेव्हा दार उघडतं आणि साखर आत जाते."

"मंग नायकाच्या अंगात ते इन्सुलिन नसन."

"मीही तसंच समजत होतो. सगळेच समजत होते." डॉक्टरांचा आवाज एकदम खाली आला, देवळात बोलतात तसा. "आत्ता कुठं, वर्ष-दोन वर्षांमागं, अमेरिकेत रक्तातलं इन्सुलिन मोजायची रीत निघाली. आणि नायकांसारखी माणसं, पोट सुटलेली, उतारवयात साखर लागलेली, त्यांच्या रक्तात ते कमी नव्हतंच हो! भरपूर होतं. कोणाकोणाच्या तर निरोगी माणसापेक्षाही जास्त. आतलं इन्सुलिन हाका मारतंय, वरून आपण सुईनं आणखी घालतोय, आणि मांस काही ऐकत नाही."

"बहिरं झालं?"

"बहिरं झालं."

"काहून पण?"

डॉक्टरांनी हात पसरले. "ते मला ठाऊक नाही. अजून कोणालाच पक्कं ठाऊक नाही. बैठक, चरबी, आईबापांकडून आलेलं काही... शोध चाललाय."

एवढा शिकलेला माणूस ठाऊक नाही म्हणाला, तेव्हा रामीबाईचा राग निवला. भांडायला आलेली बाई ओढणी सावरून ऐकायला बसली.

"पण एक गोष्ट पक्की आहे," डॉक्टर म्हणाले, "राबणारं मांस हाकेची वाट बघत नाही. कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिलंय. पाय चालायला लागले की दार उघडतं, इन्सुलिन असो नसो. आणि राबत्या अंगाला तेच इन्सुलिन जास्त लागू पडतं, हे तर जुन्या डॉक्टरांनी केव्हाच लिहून ठेवलंय. नायकांना चालवा."

रामीबाईनं घागऱ्यावरूनच आपल्या पोटरीवर हात ठेवला. जन्मभर पाण्याचे हंडे वाहून दगड झालेली पोटरी. "माया पायातबी हे चालू हाये?"

"तुमच्या, माझ्या, बाहेर उभ्या असलेल्या टांग्याच्या घोड्याच्या. आत्ता, ह्या घडीला."

"अवो माय," ती म्हणाली, आणि तिनं पोटरी पुन्हा दाबून पाहिली.

निघताना डॉक्टरांनी बजावलं, "पोटभर खाल्ल्यावर चालवायचं. थोडं थोडं. घाम सुटला, थरथर झाली, भलतंसलतं बोलायला लागले, तर साखर फार खाली घसरली समजा. लगेच तोंडात गूळ. तिथं उशीर केला तर माणूस हातचा जातो." रामीबाईनं मान हलवली, पण मनात म्हणाली, नायकाची साखर अन् खाली घसरते! रेडा दूध देईन एखाद वक्ती.

परतीच्या मोटारीत ती खिडकीशी बसली होती. रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. ती बैलांच्या मांड्या बघत राहिली. कातडीखाली मांस सरकत होतं, आणि त्या मांसात न दिसणारी, न वाजणारी दारं उघडत होती. डोक्यावर मोळी घेतलेल्या बायकांच्या मानेत, ड्रायव्हरच्या दंडात, तिच्या स्वतःच्या बोटांत. एवढी दारं कोणी केली असतील, आणि कधी? आपण एवढं आयुष्य काढलं आणि आपल्याच पायात काय चाललंय याचा पत्ता नाही, या विचारानं तिच्या अंगावर काटा आला.

पण हरिसिंग चालेल तर ना!

"नायक बिनकामाचा फिरत नाई," तो म्हणाला. निंबाखालच्या बाजेवर बसायचं, पाणी कोणी आणून द्यायचं, चिलीम कोणी भरून द्यायची. आजारी पडल्यापासून तर लोकांनी त्याला अंगावरची माशीही उडवू दिली नव्हती. मानच होता तो. त्या मानापायी विहिरीपलीकडं त्याचं पाऊल पडून वर्षं लोटली होती. तरुणपणी हाच माणूस कापसाच्या गाडीसोबत पांढरकवड्यापर्यंत पायी जायचा, बैलांना ओझं नको म्हणून गाडीत बसायचा नाही.

रामीबाईनं सांगून पाहिलं, रुसून पाहिलं, जेवण बंद करीन म्हणून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका दुपारी, आजूबाजूला कोणी नाही असं बघून तो हळूच म्हणाला, "रामी, दिसत नाई वो मले. ठेच लागून पडलो, तं लोकं पाह्यतीन."

म्हणजे दुखणं हे होतं. रामीबाईला गलबलून आलं.

"मी नेते. उजाडता उजाडता, कोणी उठाच्या आंधी."

"हात धरून? बायकोच्या हाताले धरून नायक चालला म्हणतीन."

"मंग काठीचं एक टोक तुमी धरा, एक मी."

"भिकाऱ्यावानी?" तो भडकला. "त्यापरीस मेलो तं बरं!"

रामीबाईची नजर वर आढ्याकडं गेली. तिथं पितळेची एक मोठी घंटा टांगलेली होती. लदेणीच्या काळातली. तेव्हा तांडा म्हणजे घरांची वस्ती नव्हती, तर धान्य आणि मीठ लादलेल्या बैलांची चालती रांग होती, आणि हरिसिंगाचा आजा लखीराम त्या रांगेचा नायक होता. सगळ्यात पुढच्या बैलाच्या गळ्यात ही घंटा असायची. लदेणी संपली, बैल गेला, घंटा राहिली. दिवाळीला तिला तेल-कुंकू लावायचे, पण तिचा लोळा चिंधीनं बांधलेला होता. तांडा एका जागी बसलेला असताना ती वाजवायची नसते.

ही रीत का, ते कोणी सांगत नव्हतं. रामीबाईला वाटलं, आता कोणाला आठवतंय. चूक झाली ती इथं.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच तिनं नायकाला सुई टोचली, दह्यासोबत भाकर वाढली. त्यानं अर्धीच खाल्ली. चालायच्या भीतीनं घास जाईना. तिनं घंटेची चिंधी सोडली, ओढणीच्या टोकाला वाटेला निघायच्या सवयीनं गुळाचा खडा बांधला आणि पुढं झाली. बाई नवऱ्याच्या मागून चालते, पुढून नाही. पण बघायला होतंच कोण?

"घंटेच्या मांगं या," ती म्हणाली.

टण्ण. टण्ण. हरिसिंगानं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. बाज मागं पडली, विहीर मागं पडली.

तांड्याच्या टोकाच्या झोपडीत हंसाबाई म्हातारी जागी होती. तिचं वय तिलाच माहीत नव्हतं. लदेणीच्या शेवटच्या फेरीत ती बैलाच्या पाठीवर, गोण्यांच्या मधोमध बसून आली होती, एवढं खरं. तिच्या कानावर घंटा पडली आणि म्हातारी ताडकन उठली. आधी तिनं चुलीवर पाणी ओतलं. मग गोधडीत भांडी बांधली. मग दारात येऊन अशी आरोळी ठोकली की कुत्री भुंकायची थांबली.

"तांडो उठलो! उठा रे, तांडा उठला! नायक पुढं गेला अन् तुमी झोपून काय राह्यले!"

आता यावर कोणीतरी थांबून विचारायला हवं होतं, की बाई, कुठं जायचंय? पण घंटा खरंच वाजत होती, नायक खरंच चालला होता. नायक उठला की तांडा उठतो, हे हाडात मुरलेलं, ते डोक्याला विचारत नाही. कोणी बैल सोडले, कोणी बोचकं बांधलं, कोणी कोंबड्या टोपल्याखाली घातल्या. कारभारी धरमसिंग, एरवी मोठा शहाणा माणूस, एका पायात जोडा घालूनच धावला.

रामीबाईला मागं खुरांचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं. सगळी वस्ती, माणसंच्या माणसं, बैलच्या बैल मागून येत होते.

"कोण हाये?" हरिसिंगानं विचारलं.

"तांडा," ती कशीबशी म्हणाली.

हरिसिंग ताठ झाला. त्याला दिसत काही नव्हतं, पण खुरं ऐकू येत होती, धूळ नाकात जात होती. आज्याच्या गोष्टीत ऐकलेलं सगळं त्याच्या मागून चाललं होतं. मग काय विचारता! नाला आला, त्यानं थांबायला नकार दिला. माळ आला, तरी नकार. "चाल पुढं, रामी. नायक थांबला तं तांड्यानं काय कराव?" रामीबाई म्हणत होती बस झालं, डॉक्टरांनी थोडं सांगितलं होतं, पण तिच्या हातातली घंटा थांबली की तो ओरडायचा.

टेकडीच्या चढाला त्याची पावलं बदलली. तिनं ती न बघता ओळखली. वळली तर नायक घामानं निथळत होता, एवढ्या थंडीत. हात लटपटत होते. डोळे कुठंतरी भलतीकडंच.

"गोण्या उतरवा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बैल सोडा रे. पाणी आलं. मीठ भिजन, गोण्या उतरवा!"

लोक जागीच थबकले. मग हंसाबाईनं हात जोडले. "लखीराम बा आला! आजा आला अंगात!"

आणि सगळी माणसं धडाधड नायकाच्या पायाशी. कोणी त्याच्या पायाची धूळ कपाळाला लावतोय, कोणी विचारतोय, बा, यंदा कापूस कसा पिकन? रामीबाई पुढं झेपावली तर धरमसिंगानं तिला दोन्ही हातांनी अडवलं. "नायकण, हात नोको लावू. पूर्वज आला अंगात."

"पूर्वज नाई, सुई हाये ते! सरक!"

तो सरकेना. तिनं घंटा उचलली आणि त्याच्या खांद्यावर अशी हाणली की कारभारी मटकन खालीच बसला. नायक गुडघ्यावर कोसळत होता. तिनं त्याला छातीशी धरलं, ओढणीची गाठ दातांनी सोडली, गूळ चुरून त्याच्या गालात बोटानं कोंबला. "गिळा. गिळा म्हणते ना! मायं ऐका. सेवाभाया, देवा, गिळू दे रे यायले."

बैलांची शेपटं तेवढी हलत होती. मग नायकाच्या गळ्यात काहीतरी हललं. पुन्हा हललं. तिनं आणखी गूळ घातला. थोड्या वेळानं थरथर ओसरली, त्यानं तिचा हात चाचपून धरला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "काहून रडून राह्यली?"

रामीबाई रडत होती खरी, पण आता तिच्या डोक्यात लख्खकन काहीतरी पेटलं होतं. बाटली कालचीच. सुई कालचीच. काल, परवा, महिनोन्‌महिने एवढंच औषध टोचून नळी लाल राहत होती. आज त्याच औषधानं नायकाला जमिनीवर आणलं. म्हणजे साखर रक्तातून गेली. गेली कुठं? तिनं सगळ्यांच्या देखत, लाज सोडून, त्याचं धोतर वर सारलं आणि दोन्ही पोटऱ्या हातांत धरल्या. गरम होत्या. ताणलेल्या होत्या. आत काहीतरी बारीक बारीक फडफडत होतं.

"ऐकलं!" ती ओरडली. "ऐकलं यायनं! बहिरं नाई, झोपलं होतं फक्त! दारं उघडली, धरमसिंग, समदी दारं उघडली!"

धरमसिंग खांदा चोळत तिच्याकडं बघत राहिला. नायकाच्या अंगातून उतरून म्हातारा लखीराम आता नायकणीच्या अंगात शिरला की काय, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. तेव्हा तिनं तिथंच, माळावर बसून, त्यांना सगळं सांगितलं. दाराचं, हाकेचं, टांग्याच्या घोड्याचं. माणसं आपापल्या पोटऱ्या चाचपत होती. एकानं बैलाच्या मांडीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला. उन्हं वर आली होती, आणि एवढा मोठा तांडा देवापुढं बसावा तसा आपल्याच पायांपुढं गप्प बसला होता.

"मंग आता जायाचं कुठं?" शेवटी धरमसिंगानं विचारलं.

"घरी," नायक म्हणाला.

"घरी!" हंसाबाई कडाडली. "मी चूल इझवली ना रे!"

डॉक्टरांनी ऐकलं तेव्हा आधी रामीबाईला रागावले, गूळ होता म्हणून वाचले म्हणाले, आणि मग उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. वळले तेव्हा त्यांनी सुईचं माप निम्म्यावर आणलं, मग पुढच्या खेपेला आणखी खाली. नायक पोटभर खाऊन रोज चालू लागला. मागं कोणी ना कोणी असायचंच. मान द्यायची ही रीत तांड्याला आवडली. नळी पिवळी झाली. मग हिरवी. आणि एका सकाळी रामीबाईनं नळी उकळली, उकळत राहिली, आणि पाणी निळं ते निळंच राहिलं. तिनं हाक मारायच्या आत दारात गर्दी जमली होती. नायकाला तो रंग दिसत नव्हता. त्यानं नळी हातात घेतली, गालाला लावली, आणि म्हणाला, "आता पातं लावा म्हणा."

होळीच्या आधी डोळ्याची पट्टी सुटली. जाड काचांचा चष्मा आला. नायकानं पहिल्यांदा तांड्यातलं एकेक तोंड बघून घेतलं. धरमसिंगाला म्हणाला, "म्हातारा झाला तू." पगडी डोक्यावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच तो निघाला. रामीबाईनं घंटा आढ्याला टांगली, लोळ्याला चिंधी बांधली आणि रीतीप्रमाणे त्याच्या मागून चालू लागली. विहिरीपाशी तो थांबला. चष्म्यातून वळून तिच्याकडं बघत राहिला.

"घंटा कुठं हाये?"

"आता दिसते ना तुमाले. घंटा कायले?"

"डोयाले दिसते," हरिसिंग म्हणाला. "पायाले नाई दिसत. त्यायले तुयीच घंटा ऐकाची सवय झाली. आण ते. अन् पुढं हो."

"लोकं पाह्यतीन."

"पाहू दे."

रामीबाई धावत घरी गेली. घंटा काढताना चिंधीची गाठ सुटता सुटेना. मग ती परत आली, नवऱ्याला वळसा घालून पुढं झाली, आणि चालायला लागली.